गार्गीची बदली

"अष्टपुत्र्यांच्या घराण्यात," सोफ्याच्या हाताला धरून उभे राहत श्रीनिवासरावांनी जाहीर केलं, "आजतागायत कोणी कुणाचं देणं ठेवलेलं नाही! चार पिढ्या झाल्या. पैशाचं नाही, की वाटीभर साखरेचं नाही. आपली मान ताठ आहे ती तेवढ्याच एका गोष्टीवर."

हे वाक्य त्यांनी सकाळपासून तयार करून ठेवलं होतं. दाढी करताना एकदा आणि पोहे खाताना एकदा मनातल्या मनात म्हणूनही पाहिलं होतं. त्यानंतर खोलीत गंभीर शांतता पसरावी अशी त्यांची योजना होती, आणि ती पसरलीही. तिचा फायदा घेऊन दारावरची बेल वाजली.

दारात शेजारच्या मिसेस लिम उभ्या होत्या. अंगात राष्ट्रीय दिनाचा लाल टी-शर्ट, हातात संत्र्यांची पिशवी आणि चेहऱ्यावर कमालीचा संकोच.

"अंकल, सॉरी आह. माय लॅडर... यू स्टिल नीड ऑर नॉट?"

ही शिडी गेल्या दिवाळीत आकाशकंदील टांगण्यासाठी पाच मिनिटांकरता आणलेली होती. आता ऑगस्ट चालू होता. मिसेस लिमना खिडकीबाहेर झेंडा लावायचा होता. सगळ्या यिशुन उपनगरात झेंडे लागून गेले होते आणि या चिमुकल्या बेट-देशाच्या पन्नासाव्या वाढदिवशी एकट्या त्यांचीच खिडकी रिकामी राहिली होती.

"मी होळीलाच म्हटलं होतं," सुलेखाबाई आतून म्हणाल्या.

शिडी स्वयंपाकघरामागच्या बाल्कनीत होती आणि तिच्या पायऱ्यांवर सुलेखाबाईंचे सांडगे वाळत होते. सांडगे उतरवून, शिडी पुसून, दिवाणखान्याच्या मधोमध उघड्या पडलेल्या गार्गीच्या मोठ्या बॅगेवरून ती आडवी पलीकडे नेण्यात बराच वेळ गेला. मिसेस लिमनी संत्री दिली, सुलेखाबाईंनी चिवडा दिला, दोघींनी एकमेकींना न कळणाऱ्या भाषेत तब्येत विचारली. दार बंद झालं तेव्हा घराण्याची मान होती तिथेच होती, पण तिच्याकडे बघायचं कोणी धाडस केलं नाही.

"शिडी सोडून," श्रीनिवासराव म्हणाले आणि पुन्हा उभे राहिले.

त्यांनी बैठक बोलावली होती ती साध्यासुध्या कारणासाठी नव्हे. कागदोपत्री हे राष्ट्रीय दिनाच्या सुट्टीचं जेवण होतं आणि परवा अमेरिकेला परत निघणाऱ्या नातीचा निरोपसमारंभही. श्रीखंड झालं होतं, पुऱ्या झाल्या होत्या. थोरली लेक शुभदा आणि जावई चारुदत्त आपल्या काँडोतून, म्हणजे खाजगी सोसायटीतल्या फ्लॅटमधून, सकाळीच आले होते. चारुदत्त एका परदेशी बँकेत मोठ्या हुद्द्यावर होते आणि त्यांच्याकडे गाडी होती. पण आजच्या दिवशी सरकारने एमआरटी, म्हणजे इथली मेट्रो, फुकट केली होती, म्हणून दोन गाड्या बदलून तासभर उभ्याने आले होते. याचा त्यांना मनापासून आनंद झालेला दिसत होता.

गार्गी तेवढी घरात नव्हती. जेवण झाल्याझाल्या ती लायब्ररीची पुस्तकं परत टाकायला गेली होती. श्रीनिवासरावांनी हीच वेळ धरली होती.

"यशोधन," ते मुलाकडे वळून म्हणाले, "मला सगळं कळलंय."

यशोधन पाया लेबार भागातल्या एका ऑफिसात अकाउंटंट होता. 'सगळं कळलंय' हे शब्द ऐकले की त्या पेशातला निर्दोष माणूससुद्धा दचकतो. त्याने बायकोकडे पाहिलं. मेधाने पदराने, म्हणजे पदर नव्हता म्हणून कागदी रुमालाने, कपाळ टिपलं.

"कसं कळलं?"

"काल ती मागच्या बाल्कनीत त्या मैत्रिणीशी, जाईशी, फोनवर बोलत होती. मी मोजे वाळत घालत होतो. चोरून ऐकलं नाही. मोजे दोन होते."

"आम्ही सांगणारच होतो, बाबा. एकदा काय ते नक्की झालं की."

"किती आहेत?"

"साठ."

श्रीनिवासराव सोफ्यावर बसले. आपण चुकीचं ऐकलं असावं अशी थोडी आशा त्यांनी काल संध्याकाळपासून शिल्लक ठेवली होती, ती संपली. नातीचं बोलणं त्यांना अक्षरन् अक्षर आठवत होतं. *माझे साठ क्रेडिट्स आहेत ना. सगळे ट्रान्सफर झाले तर सुटले. नाहीतर अजून एक वर्ष भरत बसावं लागेल.* एका सहकारी बँकेच्या कर्जवसुली खात्यात ज्याने उभा जन्म काढला, त्या माणसाला या तीन वाक्यांचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. साठ म्हणजे साठ हजार, हे उघड होतं. डॉलर कुठले, एवढाच प्रश्न होता.

"अगं बाई," शुभदा म्हणाली. तिला ही बातमी वडिलांकडून काल रात्रीच फोनवर मिळालेली होती, पण 'अगं बाई' समक्ष म्हणायचं राखून ठेवलं होतं.

"आणि हे सगळं दोन वर्षांत?" श्रीनिवासरावांनी विचारलं.

"हो ना," यशोधन म्हणाला आणि त्याच्या आवाजात श्रीनिवासरावांना चक्क अभिमान ऐकू आला. "तिच्याबरोबरच्या कित्येक मुलांचे चाळीससुद्धा नाही झालेत."

"म्हणजे तिकडे सगळीच मुलं हे करतात?"

"तेवढ्यासाठीच तर जातात, बाबा."

"आणि तुला माहीत होतं? बाप म्हणून तू काही बोलला नाहीस?"

"बोललो की. म्हटलं, शाब्बास."

श्रीनिवासरावांनी डोळे मिटले. मेधा घाईघाईने पुढे झाली. "बाबा, मी तिला पहिल्यापासून सांगतेय की हा नाद नको. आहे त्यात समाधान मान. पण हे बापलेक ऐकतील तर ना!"

"बघ, हिला तरी अक्कल आहे," शुभदा म्हणाली. नणंदेने भावजयीला अक्कल बहाल करण्याचा हा त्या घरातला पहिलाच प्रसंग. मेधा सोफ्यावर सरकून तिच्या शेजारी जाऊन बसली.

चारुदत्तांनी घसा साफ केला. एवढा वेळ ते संत्रं सोलत होते. "व्याज किती लावतात?"

"कशावर?" यशोधन म्हणाला.

"साठांवर."

तेवढ्यात बाहेरचं जाळीचं दार वाजलं आणि गार्गी आत आली. केस घामाने कपाळाला चिकटलेले, पायांत सपाता. सगळे आपल्याकडेच बघताहेत हे पाहून ती बॅगेच्या अलीकडेच थांबली.

"काय झालं? कोणी गेलं का?"

"गार्गे, इकडे ये," श्रीनिवासराव उठले. त्यांचा आवाज मऊ झाला होता. वसुलीच्या कामात ते दारात उभे राहिले की आधी आवाज मऊ करत. पण आजचा मऊपणा निराळा होता. "घाबरू नकोस. माणसाच्या हातून होतं. मी पुण्याची ठेव मोडतो. तुझी सगळी क्रेडिटं फेडून टाकू. पण पुन्हा कुणाकडून उचल घ्यायची नाही, एवढा शब्द दे."

गार्गीने आईकडे पाहिलं, बापाकडे पाहिलं आणि मग ती बॅगेच्या कडेवर बसली आणि हसत सुटली. हसण्यातून ती बोलली ती इथल्या इंग्रजीतला 'लाह' लावूनच.

"लोन नाही लाह, आजोबा! क्रेडिट्स म्हणजे... विषय पास झालं की मिळतात. कॉलेजात. आय अर्न्ड देम. मी कमावलेत ते!"

"कमावलेत?"

"साठ. सगळ्यांत ए."

खोलीत पुन्हा एकदा शांतता पसरली, यावेळी कोणाच्याही योजनेशिवाय. सुलेखाबाई मेतकुटाची पिशवी बॅगेत खोचता खोचता म्हणाल्या, "अहो, उभा जन्म बँकेत काढलात ना? क्रेडिट म्हणजे जमा, हे मलासुद्धा ठाऊक आहे."

"मी वसुलीत होतो," श्रीनिवासराव म्हणाले. "तिथे जमा काही नसायचंच."

शुभदाचा चेहरा पडला. मोठ्या मनाने क्षमा करायच्या तयारीने आलेल्या माणसाला गुन्हाच झालेला नाही असं सांगितलं की होतो तसा. श्रीनिवासरावांच्या छातीवरचा धोंडा मात्र उतरला होता. पण त्यांना फोनवरचा दुसरा शब्द आठवला आणि तो पुन्हा चढला.

"आणि ट्रान्सफर? तुझी बदली का होतेय? काय केलंस तू?"

हा प्रश्न त्यांच्या पोटातून आला होता. अष्टपुत्र्यांच्या घराण्यात बदली या शब्दाला फार मोठा इतिहास होता. त्यांचे वडील पोस्टमास्तर. साहेबाच्या मेव्हण्याची मनीऑर्डर पावतीशिवाय द्यायला नकार दिला आणि बिऱ्हाड उचलून किनवटला गेले. खुद्द श्रीनिवासरावांनी एका संचालकाच्या पुतण्याच्या दारात वसुलीची जीप उभी केली आणि त्यांना सावंतवाडी, तिथून अक्कलकुवा, तिथून पुन्हा सावंतवाडी असा महाराष्ट्र दाखवण्यात आला. बदली म्हणजे शिक्षा. आणि चांगल्या ठिकाणी बदली म्हणजे वजन. पुण्यात, घराजवळ, पंख्याखालचं टेबल ज्यांना मिळायचं त्यांचं वर कुठेतरी वजन असायचं. अष्टपुत्र्यांचं कधी कुठे नव्हतं.

"काही केलं नाही, आजोबा. मीच मागितली."

"मागितलीस? आणि मिळाली?"

"हो. मोठ्या युनिव्हर्सिटीत. त्याच राज्यात आहे, म्हणून तिकीट पण तेच चालतंय."

"कुणाचं वजन लावलंस?"

"वजन?"

"वजन गं. वर कोणीतरी शब्द टाकणारा असेल ना?"

गार्गीने विचार केला. "माझं फिफ्टी-टू किलो आहे."

चारुदत्तांना संत्र्याची फोड घशात अडकून ठसका लागला. सुलेखाबाईंनी त्यांच्या पाठीवर थापट्या मारल्या, जरा जोरातच.

मग गार्गीने ते सगळं सांगितलं. मांडी घालून, बॅगेत एक पाय सोडून, अर्धं मराठीत आणि अर्धं तिला सुचेल त्या भाषेत. शाळा संपल्यावर इथल्या मेडिकलची जागा थोडक्यात हुकली होती, ते घरात सर्वांना माहीत होतं. तेव्हा आधी कुठलीतरी पदवी घ्यायची आणि मग पदवीवाल्यांना घेणाऱ्या इथल्याच मेडिकल कॉलेजात अर्ज टाकायचा, असं ठरलं. या मधल्या काळाला तिकडे 'प्री-मेड' म्हणतात. प्री-मेड म्हणजे अजून काहीच नसणं, पण फार मेहनतीने. यशोधनच्या पगारात बसेल असं एकच कॉलेज सापडलं, मक्याच्या शेतांच्या मधोमध, जिथून जवळच्या सिनेमागृहाला जायला बस नव्हती. मोठ्या युनिव्हर्सिटीला स्वतःचं हॉस्पिटल होतं. तिथे विद्यार्थ्यांना वॉर्डात काम मिळे, आणि मेडिकलच्या अर्जाला तोच जोर हवा असतो.

"तर मी एप्रिलमध्ये अप्लाय केलं. नाही म्हणाले. मग मी विचारलं, का नाही? त्यांनी कारण सांगितलं. मग मी ते कारण दुरुस्त केलं आणि परत विचारलं. मग म्हणाले, वेटिंग लिस्ट. मग गेल्या आठवड्यात हो म्हणाले. स्कॉलरशिप पण देतायत. म्हणजे बाबांना आत्ता लागतात तेवढेच लागणार."

श्रीनिवासरावांना स्वतःचे अर्ज आठवले. सावंतवाडीहून त्यांनी पाठवलेल्या एकाही अर्जाला 'का नाही' असं उलट विचारायचं त्यांना सुचलं नव्हतं. असं विचारता येतं, हे त्यांना वयाच्या शहात्तराव्या वर्षी, लाल फुग्यांनी सजवलेल्या यिशुनच्या एका फ्लॅटमध्ये कळत होतं.

"मग अडलंय कुठे?" त्यांनी विचारलं.

"केमिस्ट्रीत," मेधा म्हणाली. "तेवढं सांग की."

गार्गीने पाय बॅगेतून काढून घेतला. "साठातले बाकीचे सगळे घेतले त्यांनी. ऑरगॅनिक केमिस्ट्रीचे घेत नाहीयेत. म्हणतात, तुमच्या छोट्या कॉलेजात नीट शिकवलं की नाही आम्हाला काय माहीत. तर गेल्यावर पहिल्याच आठवड्यात त्यांची परीक्षा द्यायची. पास झाले तर सगळं माफ, दोन वर्षांत डिग्री."

"आणि नापास झाली तर," मेधा म्हणाली, "त्या विषयावर पुढचे सगळे विषय अडकलेत. वर्ष वाढणार. आणि त्या तिसऱ्या वर्षाला स्कॉलरशिप नाही. ते आम्हाला झेपणार नाही, बाबा. अर्ध्यात सोडून परत यावं लागेल, आणि तोवर जुनी जागाही गेलेली. हो की नाही ते उद्या सकाळपर्यंत कळवायचंय. मी म्हणते, आहे तिथेच राहा. लहान असेल, पण डिग्री हातात पडेल. मला हातात पडणारी गोष्ट हवी."

श्रीनिवासरावांच्या लक्षात आलं की ही भांडत नव्हती. ही घाबरली होती.

यशोधन बॅगेच्या झिपच्या टोकाशी चाळा करत राहिला.

"मी काय म्हणते," शुभदा पुढे सरकली. तिचा चेहरा पुन्हा उजळला होता, कारण मोठं मन वापरायला अजून जागा शिल्लक होती. "पैसे मी देते. पण मग हे डॉक्टरकीचं खूळ सोडायचं. इथेच राहा, आमच्याकडे काँडोत. खोली आहे, पोहायला तलाव आहे. एखादा चष्मे तपासायचा कोर्स कर. माझ्या ओळखीतल्यांचं तोआ पायोहला दुकान आहे, लगेच चिकटवतील. शेवटी डोळे काय नि हृदय काय, शरीरच ना?"

मेधाने नणंदेकडे वळून पाहिलं. क्षणभर तिच्या चेहऱ्यावर मोह दिसला. हातात पडणारी गोष्ट होती ही. शुभदाने तिथेच थांबायला हवं होतं. पण थांबणं हा शुभदाचा विषय कधीच नव्हता.

"आणि खरं सांगू का मेधा, शेतातल्या कॉलेजातले ए ते. त्यांना मोठ्या ठिकाणी कोण विचारतं? तिथे आमच्या रुचिरसारखी तयारी लागते."

मेधा उठली. सोफ्यावर जेवढी शुभदाकडे सरकली होती तेवढी परत सरकून, वर आणखी एक खुर्ची ओलांडून गार्गीच्या मागे जाऊन उभी राहिली.

"ताई," ती म्हणाली, "त्या शेतातल्या कॉलेजात हिच्या वर्गातली मुलं हिच्याकडे केमिस्ट्री शिकायला येतात. कॉलेज तिला त्याचे पैसे देतं. गेल्या थंडीत बस बंद झाली तर बर्फातून चालत गेली, पण लॅब चुकवली नाही. आणि काय विचारतील ते परीक्षेत? जे विचारतील ते येईल तिला!"

एवढं बोलून झाल्यावर, आपण आत्ता कुठल्या बाजूने बोललो, हे मेधाच्या लक्षात आलं. पण आता उशीर झाला होता.

"रुचिरचीसुद्धा बदली झाली," चारुदत्तांनी आपल्या मुलाबद्दल शांतपणे माहिती पुरवली. "लंडनच्या कॉलेजातून आमच्या घरी."

"अहो!" शुभदा म्हणाली.

"घरी परतायची दुसरी फेरी आहे," चारुदत्त म्हणाले. "अक्कलकुवा झालं, आता परत सावंतवाडी."

बाहेरून हेलिकॉप्टरची घरघर ऐकू आली. कोपऱ्यातल्या टीव्हीवर राष्ट्रीय दिनाचं संचलन सुरू झालं होतं. लाल कपड्यांतली बायका-पोरं समुद्रासारखी हलत होती. पण कोणी तिकडे पाहिलं नाही. यशोधन शेवटी उभा राहिला. अकाउंटंट माणूस, हिशेबाबाहेरचं बोलायचं असलं की त्याला उभं राहावं लागे.

"गार्गी, पास होशील?"

"हो."

"नक्की?"

"बाबा, आय टीच इट."

"झालं तर मग," यशोधन म्हणाला आणि पुन्हा बसला. श्रीनिवासराव त्याच्याकडे बघत राहिले. हा मुलगा कंपनीने पाठवलं म्हणून एक ट्रंक घेऊन या देशात आला होता आणि राहिला होता. अष्टपुत्र्यांच्या घरातली ही तिसऱ्या पिढीची बदली, तीसुद्धा वरून झालेली. मागून घेतलेली, भांडून मिळवलेली, वरच्या जागेवरची बदली या घराण्यात कधीच झाली नव्हती. ती या पोरीने केली होती. कुणाच्याही वजनाशिवाय.

"पण नाही झाली तर?" शुभदा म्हणाली. "समजा हो. कोण भरणार तिसरं वर्ष?"

"मी जामीन राहतो," श्रीनिवासराव म्हणाले.

सुलेखाबाईंच्या हातातली लाडवांची बरणी बॅगेच्या वरच राहिली. शुभदाने तोंड उघडलं, ते उघडंच राहिलं. चारुदत्तांनी संत्रं खाली ठेवलं. या माणसाने आयुष्यात कुणाला जामीन राहायचं नाही, हे व्रत आजवर पाळलं होतं. जामीनदारांच्या घरांतून भांडी निघताना पाहिली होती त्यांनी, आणि काही वेळा काढलीही होती. सख्ख्या भावाला ते राहिले नव्हते. मुंजीपासूनच्या मित्राला राहिले नव्हते.

"बाबा," चारुदत्त म्हणाले, "एकोणनव्वद साली मी तुमच्याकडे आलो होतो. नुकतं लग्न झालेलं. स्कूटरच्या कर्जाला एक सही हवी होती."

"आठवतंय."

"तुम्ही म्हणालात, जावईबापू, चालण्यासारखा व्यायाम नाही."

"तुमच्यावर माझा विश्वास होता, चारुदत्तराव. स्कूटरवर नव्हता."

"आणि हिच्यावर?"

श्रीनिवासराव चौथ्यांदा उभे राहिले. यावेळी त्यांनी काही तयार केलेलं नव्हतं.

"हिला साहेब नाही म्हणाला, तर हिने साहेबाला विचारलं, का नाही. आमच्या तीन पिढ्यांत ही हिंमत कुणाला झाली नाही. आम्ही ट्रंका भरल्या आणि गेलो. पुण्याची ठेव मी माझ्या दुखण्यासाठी ठेवली होती. आता दुखायचं असेल तर ही पास झाल्यावर दुखेन. आयुष्यभर लोक म्हणत आले, अष्टपुत्र्यांचं वजन नाही. नव्हतंच. जे काही आहे ते आज मी सगळंच्या सगळं या पोरीच्या मागे टाकतो!"

मेधा रडायला लागली. यशोधनने चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसला आणि उलटा लावला. शुभदाने पर्समधून रुमाल काढला. "मला कधी असं म्हणाला नाहीत," असं काहीतरी ती पुटपुटली, आणि मग उठून गार्गीच्या गालावरून हात फिरवला. तो हात खराखुरा होता. दूरवरून हेलिकॉप्टरचा आवाज मोठा होत आला, काचा थरथरल्या आणि अंगणाएवढा झेंडा लटकवलेलं ते धूड इमारतीवरून गेलं. बाहेरच्या व्हरांड्यात मिसेस लिम शिडीवर चढलेल्या होत्या. तिथून त्यांना खिडकीच्या पट्ट्यांमधून आतलं सगळं दिसत होतं.

"वाह, अंकल," त्या वरूनच ओरडल्या, "शी डॉक्टर ऑलरेडी आह?"

"नॉट येट!" श्रीनिवासरावांनी छाती काढून उत्तर दिलं. "प्री!"

"ओह, प्री! व्हेरी गुड, व्हेरी गुड!" असं म्हणत मिसेस लिमनी शिडीवरूनच टाळ्या वाजवल्या.

गार्गीने फोन काढला. युनिव्हर्सिटीला होकाराच्या दोन ओळी लिहिल्या, पाठवल्या आणि फोन उलटा ठेवला. "पाठवलं," ती म्हणाली. मग खाली मान घालून बराच वेळ बॅगेशी झटत राहिली. मेतकूट, लाडू, सांडगे, आत्याने आत्ताच खोचलेली शाल आणि आईने जेवणाआधी गुपचूप भरलेली केमिस्ट्रीची दोन जाड पुस्तकं. श्रीनिवासराव अजून उभेच होते. आपल्या वाक्याचा नाद अजून खोलीत घुमतोय असं त्यांना वाटत होतं, आणि नातीने मान वर केली तेव्हा तिचे डोळे भरलेले त्यांना दिसले. ती आता काहीतरी बोलणार, आणि ते आपण जन्मभर विसरणार नाही, याची त्यांना खात्री पटली.

"आजोबा," गार्गी नाक ओढत म्हणाली, "चेन लागत नाहीये. जरा बॅगेवर बसता?"